बटाट्याला मलेरिया

तापीकाठच्या कापडाच्या शहरातल्या, लिंबायतच्या त्या गल्लीत एरवी गर्दी जमायची ती दोनच कारणांनी. एक, पाण्याचा टँकर आला तर. आणि दोन, कुणाचं नवराबायकोचं भांडण उंबरा ओलांडून रस्त्यावर आलं तर. त्या श्रावणात तिसरं कारण आलं. त्याची दाढी सोनेरी होती.

बंद पडलेल्या जरीच्या कारखान्याचं शटर वर झालं, आत भगवं कापड ताणलं गेलं आणि रुधिरनाथ महाराज गादीवर विराजमान झाले. ते कुठून आले, कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे गिरनारहून, कुणी म्हणे हिमालयातून. त्यांचा चेला छगन याला विचारलं, तर तो म्हणे, "दोन्हीकडून." दाढीबद्दल मात्र वाद नव्हता. पहिल्या आठवड्यात ती काळी होती, मग तांबूस झाली आणि गणपती बसेपर्यंत थेट सोन्यासारखी पिवळी. तप फळलं की तेज आधी दाढीत उतरतं, असं छगनचं म्हणणं होतं.

गल्लीत तापाची साथ होती. घरटी एक माणूस गोधडीखाली. पाळी सुटलेले लूमचे कारागीर कानात मागांची खडखड घेऊनच महाराजांपुढे येऊन बसत.

"मलेरिया म्हणजे काय?" महाराज माइकमध्ये विचारत आणि उत्तरही स्वतःच देत. "मल म्हणजे मळ. एरिया म्हणजे इलाका. आत्म्याच्या इलाक्यात मळ साचला की झाला मल-एरिया! डॉक्टर लोक मच्छर पकडतात. अरे, मच्छर तर बिचारा पोस्टमन आहे! चिठ्ठी कुणी लिहिली, ते बघा ना!"

"वाऽऽ!" लोक म्हणत. चिठ्ठीचं कुणालाच कळलेलं नसे, पण पोस्टमन सगळ्यांना पटे.

मग परीक्षा. छगन चांदीचा इवलासा त्रिशूळ घेऊन रोग्याच्या बोटाला टोचे आणि रक्ताचा थेंब काचेच्या उभट पेल्यात सोडे. पेल्यात तापीचं सिद्ध जल. थेंब पडायचा अवकाश, सुर्रऽऽ करून पांढरा फेस वर चढे. रक्त उकळतंय, हे दिसतच होतं! छगन पेल्याला बोटं लावून मोजे. फेस एकदीड बोट आला तर ताप सात्त्विक, अंगारा लावून कामावर जायचं. दोनतीन बोटं आला तर राजस, दंडाला ताईत. चारच्या वर गेला की तामस! मग रक्तशांती. रक्तशांती म्हणजे लिंबू, मिरच्या, डोळ्यांत जाईल इतका धूर, आणि कुठल्याच भाषेतले नसलेले मंत्र. ते झाल्यावर पुन्हा थेंब, या वेळी दुसऱ्या पेल्यात. आणि काय नवल! थेंब मुकाट तळाशी जाई. एक बुडबुडा नाही.

"रक्त थंड झालं!" छगन ओरडे आणि घंटा वाजे.

या मंडपात पहिल्या रांगेत, खास सतरंजीवर, धुरपदाबाई बसत. साठी ओलांडलेली, शिरपूरकडची बाई. नवरा गेल्यावर गल्लीच्या तोंडाशी भज्यांची लारी, म्हणजे हातगाडी, टाकून तिनं एकुलत्या हेमराजला वाढवलं, लूमच्या कारखान्यात चिकटवलं, त्याचं लग्नही केलं. जिभेला धार अशी, की गिऱ्हाईक भजी शिळी आहेत म्हणायच्या आधी दोनदा विचार करी. महिन्यापूर्वी तिला कणकण आली होती. महाराजांच्या पेल्यात तिच्या थेंबानं सहा बोटं फेस काढला. सहा! पेला भरून गादीवर सांडला. रक्तशांती झाली आणि तिसऱ्या दिवशी बाई ठणठणीत. कणकण तिसऱ्या दिवशी जातेच, हे गल्लीत कुणालाच सुचलं नाही, आणि धुरपदाबाईंना ते सुचणं परवडणारं नव्हतं. कुणाला पोराच्या नोकरीचा मान असतो, कुणाला गावाकडच्या विहिरीचा. धुरपदाबाईंना सहा बोटांचा होता.

शेजारच्या वत्सलाबाई नांदेडच्या. त्यांना अडीच बोटं आली होती.

"अवं, मलाबी लई थंडी वाजली होती," त्या एकदा म्हणाल्या. "चार गोधड्या घेतल्या."

"असेल ना," धुरपदाबाई समजुतीनं म्हणाल्या. "राजस तापाला थंडी वाजतेच. तामसाला काय होतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. तुम्ही जरा मागं सरका बरं, महाराज दिसत नाहीत."

धुरपदाबाईंची सून उज्ज्वला घरी साड्यांवर खडे चिकटवायचं काम करी. ती या सगळ्याकडे बघून एवढंच म्हणे, "आई, मच्छरदाणी लावू या का?" आणि सासू म्हणे, "पोस्टमनला अडवून चिठ्ठी थांबते का गं?"

आणि मग ताप हेमराजला आला.

साधा नव्हता. दात वाजवणारी थंडी, मागून अंग भाजून काढणारा ताप, मग घामानं निथळणं. दुसऱ्या दिवशी उज्ज्वलानं चप्पल घातली. "मी ह्यांना दवाखान्यात नेते."

"आधी महाराज," धुरपदाबाई म्हणाल्या. "मना पोऱ्या शे तो. त्याचं रक्त काय साधं असेल?"

मनातून त्यांना सात बोटांची आशा होती. घराणंच तसं.

मंडपात दुपारचं ऊन थेट आत येत होतं. सिद्ध जलाचा कॅन सकाळपासून त्या उन्हातच ठेवलेला. छगननं हेमराजचं बोट टोचलं, थेंब सोडला. फेस जेमतेम वर आला आणि बसला. छगननं एक बोट लावलं, मग अर्धं.

"दीड बोट. सात्त्विक!" महाराजांनी जलात बुडवलेल्या हातानं दाढी कुरवाळली. "बाळा, हा तर ताप नाहीच, नुसती आठवण आहे. अंगारा लाव आणि रात्रपाळीला जा."

धुरपदाबाईंचा चेहरा पडला. मागून वत्सलाबाईंचा खोकला ऐकू आला. तो खोकल्याचा खोकला नव्हता.

रात्रपाळीला जाणं हेमराजला झेपलं नाही. दोन दिवसांत तो खाटेला चिकटला. डोळ्यांच्या कडा पिवळ्या झाल्या. लघवी कोऱ्या चहासारखी होऊ लागली. उज्ज्वला सासूच्या हातापाया पडली, मग भांडली, मग रडली. धुरपदाबाई प्रत्येक वेळी एकच सांगत, "सात्त्विक शे. महाराज बोलले ना." पण सांगताना आवाज आधीसारखा चढत नव्हता. शेवटी त्या एकट्याच मंडपात जाऊन आल्या. येताना हातात जलाची बाटली. महाराजांनी बजावलं होतं: "रोग्याला पाजायचं नाही, अंगाला लावायचं नाही, फक्त उंबऱ्यावर शिंपडायचं." इतकं पवित्र पाणी प्यायचं का नाही, हा प्रश्न त्यांच्या मनात आला होता. त्यांनी तो आल्या पावली परत पाठवला.

घरी आल्या तर हेमराज खाटेवर अर्धवट उठून बसलेला.

"मास्टर," तो आईला मागांवरचा मुकादम समजून म्हणाला, "तार तुटनी. बॉबीन दे."

"मी माय शे रे तुनी! काय व्हयनं तुले?"

"सहा नंबरचा माग बंद करा, मास्टर."

हे ऐकून उज्ज्वला चप्पल घालून बाहेर पडली. धुरपदाबाईंनी घाईघाईनं बाटलीचं बूच काढलं आणि महाराजांचं नाव घेत उंबऱ्यावर पाणी शिंपडलं. त्या घाईत उंबऱ्यापेक्षा जास्त पाणी शेजारच्या परातीत पडलं. परातीत लारीसाठी नुकत्याच चिरलेल्या बटाट्याच्या चकत्या होत्या.

चकत्यांना फेस आला.

पांढरा, बारीक बुडबुड्यांचा, थेट मंडपातल्यासारखा.

धुरपदाबाई खाली बसल्या. पुन्हा चार थेंब टाकले. पुन्हा फेस. एक चकती बोटात धरून त्यांनी उलटसुलट पाहिली. बटाट्याला रक्त नसतं. बटाट्याला डास चावत नाही. आणि बटाट्याला आत्मा असलाच, तरी त्याच्या इलाक्यात मळ कुठून येणार? त्यांनी स्वतः तो दोन पाण्यांनी धुतला होता!

शेजारी वड्यांसाठी उकडलेल्या बटाट्यांचं पातेलं होतं. त्यातला एक फोडून त्यावर थेंब टाकले. काही नाही. बटाटा गप्प.

म्हणजे कच्चा बटाटा तामस आणि उकडलेला बरा झालेला. याला ना लिंबू लागलं, ना मिरची, ना मंत्र.

एका बाईला आपला मोठा मान सोडायला किती वेळ लागतो? काहींना जन्म पुरत नाही. आतून "मास्टर, ओ मास्टर" अशी हाक आली आणि धुरपदाबाई ताडकन उठल्या.

"उज्ज्वला! रिक्षा आण गं! लवकर!"

उज्ज्वला तेव्हा गल्लीच्या तोंडातून रिक्षात बसून येतच होती. सासूच्या हुकमाची वाट बघायचं तिनं थांबवलं होतं. दोघींनी हेमराजला उचलून रिक्षात घातलं. धुरपदाबाईंच्या एका हातात पोराचं डोकं होतं आणि दुसऱ्यात ती बाटली. ती कशाला घेतली, ते त्यांनाही कळलं नाही.

सरकारी दवाखान्यात हेमराजला आत नेलं, सलाईन लागलं, रक्त काढलं. "माजी, बहार बेसो," वॉर्डातला माणूस गुजरातीत म्हणाला. माजी बाहेर बसल्या नाहीत. त्या दारातच उभ्या राहिल्या, आणि डॉक्टर रिपोर्ट घेऊन आली तशा तिला आडव्या गेल्या. डॉक्टर मयुरी यवतमाळची, वयानं उज्ज्वलाएवढीच.

"डॉक्टरीणबाई, किती बोटं?"

"कसली बोटं?"

"फेसाची. रक्ताला फेस किती आला?"

डॉक्टरनं उज्ज्वलाकडे पाहिलं. उज्ज्वलानं छताच्या पंख्याकडे पाहिलं.

"आजी, आम्ही फेस नाही बघत," डॉक्टर मयुरी म्हणाली. "काचेवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. तुमच्या मुलाच्या तांबड्या पेशींत मलेरियाचे जंतू आहेत आणि पुष्कळ आहेत. त्यांची जातही वाईट, फाल्सिपॅरम. मग बघायचं, त्यांनी नासधूस किती केली. हिमोग्लोबिन उतरलंय, म्हणजे पेशी फुटताहेत. प्लेटलेट कमी झाल्यात. बिलिरुबिन वाढलं, म्हणून डोळे पिवळे. क्रिएटिनिन वाढलं, म्हणजे मूत्रपिंडांवर ताण आहे. साखर एकदम खाली आलीय, ती आम्ही लगेच दिली. आणि लॅक्टेट वर गेलंय, म्हणजे शरीराच्या पेशींना प्राणवायू पुरेसा मिळत नाही. तो बरळतोय, हे तर रक्त न काढताही दिसतंय."

"म्हणजे तामस," धुरपदाबाई सवयीनं म्हणाल्या.

"म्हणजे गंभीर. पण इंजेक्शन सुरू केलंय, आणि उशीर झाला असला तरी फार झालेला नाही."

"यातला खरा आकडा कुठला? एक सांगा. मी तेवढाच ध्यानात ठेवते."

"एक नाहीच. एकटा आकडा फसवतो. सगळे एकत्र बघायचे, समोरच्या माणसाकडे बघायचं आणि उद्या पुन्हा मोजायचं. सुधारतंय की बिघडतंय, ते तेव्हा कळतं."

धुरपदाबाईंना हे पटायला जड गेलं. बोटं मोजणं किती सोपं होतं! पण पुढचे दिवस त्या रोज डॉक्टरला दारात गाठून विचारू लागल्या: जंतू किती उतरले? लॅक्टेट? मूत्रपिंडांचा तो किरकिरा रिपोर्ट? क्रिएटिनिन त्यांच्या जिभेवर शेवटपर्यंत बसलं नाही. त्या त्याला 'किरकिर' म्हणत. किरकिर कमी झाली. डोळ्यांचा पिवळेपणा गेला. आणि एका सकाळी हेमराजनं डोळे उघडून आईकडे नीट पाहिलं.

"माय," तो म्हणाला, "तू जेवनी का?"

धुरपदाबाई पदर तोंडात कोंबून बाहेर गेल्या आणि बऱ्याच वेळानं आत आल्या. त्याच दिवशी त्यांनी ती बाटली डॉक्टरच्या टेबलावर ठेवली आणि बटाट्याची सगळी हकिगत सांगितली.

डॉक्टर मयुरी आधी पोट धरून हसली. मग तिनं नवी सुई फोडली, स्वतःच्या बोटाला टोचली आणि बाटलीतलं पाणी थोडं वाटीत घेऊन त्यात आपला थेंब सोडला. सुर्रऽऽ. फेस.

"घ्या. मला ना ताप, ना थंडी. मीही तामस!" मग जखमा धुवायच्या ट्रेमधून तिनं एक तपकिरी बाटली आणली. तिच्यातल्या पाण्यातही थेंब तसाच फेसाळला. "हायड्रोजन पेरॉक्साइड. रक्तात एक द्रव्य असतं, कॅटालेज. ते याला फोडतं, प्राणवायू सुटतो, त्याचे हे बुडबुडे. कच्च्या बटाट्यातही तेच द्रव्य असतं. उकडला की ते मरतं."

"आणि मना पोऱ्याचं दीडच बोट?"

"हे पाणी उन्हात राहिलं की उतरतं. ताजं असलं तर सहा बोटं, उतरलं तर दीड. ताप नाही मोजला त्यांनी, आजी. स्वतःचा कॅन मोजला." मग तिचं हसू एकदम गेलं. "टोचायला सुई कुठली वापरतात?"

"चांदीचा त्रिशूळ."

"सगळ्यांना एकच?"

"पवित्र शे म्हणे."

"एकाच्या रक्तातली कावीळ, एचआयव्ही, सगळं दुसऱ्याच्या अंगात घालतो तो पवित्र त्रिशूळ! टोचलेल्या प्रत्येकाला तपासणीला पाठवा माझ्याकडे. तुम्हीसुद्धा या."

हेमराजला घेऊन रिक्षा गल्लीत शिरली आणि तिघंही बघतच राहिली. खांबापासून खांबापर्यंत फलक लागला होता: 'रुधिरनाथ महाराजांच्या जलाने मृत्यूच्या दारातून परत!' खाली हेमराजचा फोटो. तो लग्नातला होता, फेटा बांधलेला. मृत्यूच्या दारातून परतलेला माणूस भलताच टवटवीत दिसत होता.

छगन हात जोडून पुढे आला. "मावशी, संध्याकाळी मंडपात या. सहा बोटंवाली मावशी माइकवर दोन शब्द बोलली की लोकांची श्रद्धा पक्की होईल."

उज्ज्वला भडकून काही बोलणार, तोच सासूनं तिचा हात दाबला. "येते की," धुरपदाबाई म्हणाल्या. "दोन काय, चार शब्द बोलते." छगन गेल्यावर त्या सुनेला म्हणाल्या, "तू आरोग्य केंद्रात जा. रक्त तपासणाऱ्या पोरींना घेऊनच ये. सुया नव्या आणायला सांग."

संध्याकाळी मंडप तुडुंब भरला. वत्सलाबाईंची लहान नात तापानं फणफणलेली, आजीच्या मांडीवर. तिचा ताप दुपारीच सात्त्विक ठरवून तिला अंगारा लावला होता. महाराजांनी धुरपदाबाईंना हातानं जवळ बोलावलं. त्यांनी माइक घेतला, घसा खाकरला आणि कमरेच्या पिशवीतून एक सोलून चिरलेला बटाटा काढला.

"महाराज, आधी याची परीक्षा करा. दुपारपासून मलूल आहे."

लोक हसले. महाराजही हसले, पण त्यांचं हसू दाढीपर्यंतच पोचलं. छगन पुढे सरकला तोवर धुरपदाबाईंनी बटाट्याचे चार तुकडे परीक्षेच्या पेल्यात टाकलेही होते. सुर्रऽऽ! फेस चढला आणि काठावरून ओघळला.

"मोज रे छगन! किती बोटं?"

छगननं सवयीनं बोटं लावली आणि सवयीनंच ओरडला, "पाच! ताम..." पुढचं अक्षर त्यानं गिळलं.

पण महाराज कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी डोळे मिटले, हात वर केला. "भक्तांनो! चराचरात चैतन्य आहे. या गल्लीतला तामस ताप इतका भयंकर, की बटाट्यालाही झाला!"

"खरं की!" मागून कुणीतरी म्हणालं. "म्हणजे आता हिची भजी खायची नाहीत का?"

बाजी उलटतेय, हे बघून धुरपदाबाईंनी दुसरा बटाटा काढला, उकडलेला. चुरून पेल्यात टाकला. काही नाही.

"आता बघा! हा कुकरमध्ये उकडला आणि बरा झाला. मग महाराज, तामस तापावर औषध सापडलं ना? सांगा, मना हेमराजला किती शिट्ट्या काढू?"

मंडपात हशाचा असा लोट उठला, की माइक शिट्टी मारू लागला. त्या गोंधळातच त्यांनी रक्तशांतीनंतरचा दुसरा पेला ओढला आणि त्यात कच्च्या बटाट्याच्या चकत्या सोडल्या. चकत्या मुकाट तळाशी बसल्या. "हा पेला नळाच्या पाण्याचा! शांती मंत्रानं नाही होत, बायांनो. पेला बदलला की होते. रक्त आधी गरम नव्हतं आणि नंतर थंडही नव्हतं!"

वत्सलाबाईंचे यजमान पांडुरंग मागच्या रांगेतून उठले. ते कडोदऱ्याच्या कापड रंगवायच्या मिलमध्ये होते. ते मितभाषी, गल्लीनं त्यांचा आवाज क्वचितच ऐकलेला. ते सरळ पुढे आले, कॅन उचलून पाहिला, मग छगनचा हात धरून त्याची बोटं उजेडात धरली. टोकं पांढरीफटक होती.

"पेरॉक्साइड आहे हे," पांडुरंग म्हणाले. "आमच्याकडं कापड पांढरं करायला ड्रमनं येतं. न पातळ करता हात लागला, की अशीच बोटं होतात." मग त्यांची नजर महाराजांच्या दाढीवर गेली आणि तिथंच थांबली. "आणि ओल्या हातानं रोज दाढी कुरवाळली, की तिचं तेजबी असंच होतं."

सगळी गल्ली त्या दाढीकडे बघू लागली. दाढी तीच होती, सोन्यासारखी. पण आता ती तपाची वाटेना. खाली पडलेल्या मक्याच्या कणसाची वाटू लागली. कुणीतरी खुदकन हसलं आणि मग थांबवणं कठीण झालं. महाराज तप आटोपल्यासारखे उठले आणि मागच्या दारानं निघाले. पण त्या दारात उज्ज्वला उभी होती. तिच्यामागे आरोग्य केंद्राच्या दोन मुली आणि त्यांनी वाटेतून बोलावून आणलेला पोलीस. एकच त्रिशूळ किती जणांना टोचला, हे त्यानं विचारायला सुरुवात केली, आणि माइकवर आत्म्याची भाषा बोलणारे महाराज शुद्ध घाबरट हिंदीत उत्तरं देऊ लागले.

मंडपातलं हसू मात्र हळूहळू ओसरलं. लोक आपापल्या बोटांकडे बघू लागले. प्रत्येक बोटावर टोचल्याची खूण होती.

"मग आता ताप आला तर जायचं कुठं?" वत्सलाबाईंनी विचारलं. नात त्यांना घट्ट बिलगली होती. "आमी कुणावर भरवसा ठेवावा, धुरपदाबाई? कालपतूर तुमीच तर सांगत होता."

हे खरं होतं. धुरपदाबाईंनी माइक खाली ठेवला. पुढचं त्या माइकशिवाय बोलल्या.

"कालपर्यंत मी सांगत होते आणि तुम्ही ऐकत होतात. मना पोऱ्या त्या पायी मरता मरता वाचला. आता मी सांगते म्हणूनही ऐकू नका. डॉक्टर सांगते म्हणून नुसती मानही हलवू नका. विचारा. काय बघितलं, कशानं बघितलं, काय दिसलं, औषध का दिलं. जो खरं सांगतो तो चार वेळा विचारलं तरी सांगतो, आणि उद्या पुन्हा मोजून बघतो. ज्याला 'का?' विचारलेलं चालत नाही, त्याच्या हातात आपलं बोट द्यायचं नाही. मग त्याची दाढी कुठल्याही रंगाची असो."

आरोग्य केंद्राच्या मुलींनी टेबल मांडलं. प्रत्येकाला नवी सुई, प्रत्येकाची वेगळी काच. पहिली वत्सलाबाईंची नात. तिच्या रक्तात मलेरिया निघाला, पण वेळेवर निघाला, आणि औषध त्याच संध्याकाळी सुरू झालं.

तपासणी लवकर आटपेल, असं त्या मुलींना वाटलं होतं. आटपली नाही. गल्लीतला प्रत्येक माणूस बोट पुढे करण्याआधी विचारत होता: सुई नवी कशावरून? काचेवर काय दिसतं? प्लेटलेट म्हणजे काय? ही गोळी का, ती का नाही? मुली घामाघूम झाल्या. पण त्या एकेकाला समजावून सांगत होत्या आणि रांग पुढे सरकत होती.